शनिवार, दुपारी दोन ते पाच : सेवा

चर्चच्या तरुण संमेलनाची कार्यक्रमपत्रिका न उघडताही वाचता येते. शुक्रवारी संध्याकाळी नोंदणी, स्वागत आणि उद्घाटनाची उपासना. शनिवारी पहाटे प्रार्थना, मग चहा-पोहे, बायबल अभ्यास, बाहेरगावच्या पाहुण्यांचा संदेश, गटचर्चा, रात्री गाण्यांची स्पर्धा. रविवारी साक्षी, दानार्पण, सामूहिक फोटो आणि प्रेमभोजन. या सगळ्याच्या मध्ये, शनिवारी दुपारच्या जेवणानंतर, एक ओळ असते : ‘दोन ते पाच : सेवा’.

त्या तीन तासांत काय होतं तेही ठरलेलंच. एक गट बसस्टँड झाडायला जातो, दुसरा सरकारी दवाखान्यात केळी-बिस्किटं वाटतो, तिसरा रोपं लावतो. साडेपाचला सगळे परत येतात, कारण सहाला पुढचं सत्र असतं. बसस्टँडवर दुसऱ्या दिवशी पुन्हा कचरा होतो आणि जानेवारीत लावलेल्या रोपांना मार्चपासून पाणी घालणारं कोणी नसतं.

यात पोरांचा दोष नाही, त्यांना तीन तासच दिलेले असतात. दोष आखणीच्या क्रमाचा आहे. आधी हॉल ठरतो, मग वक्ते, मग टी-शर्टाचा रंग, आणि उरलेल्या जागेत सेवा बसवली जाते. सेवा हाच गाभा असलेलं तरुण संमेलन आखायचं असेल, तर हा क्रम उलटा करावा लागतो. तो कसा, हे पाहायला वाशिम जिल्हा चांगला आहे. इथली ख्रिस्ती वस्ती संख्येने थोडी, पण सेवेचा इतिहास मोठा आहे. शिवाय आजूबाजूच्या समाजाची सेवेची परंपरा चर्चपेक्षा कितीतरी जुनी आहे.

बासीमचा दवाखाना

इंग्रजी अंमलात वाशिमला बासीम म्हणत. बासीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत वाटला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. मधल्या जवळजवळ शतकात इथे घडलेल्या गोष्टींमध्ये एका दवाखान्याची गोष्ट आहे.

ज्या मिशनमधून हा दवाखाना निघाला, ते अमेरिकेतून प्रथम बुलढाण्याकडे आलं. १८९८ साली मिशनऱ्यांची पहिली छोटी तुकडी मुंबईत उतरली. पुढे १९०४ मध्ये आलेल्या लेटन ट्रेसी यांनी ते काम टिकवलं. पुढे या कामाचा अंतर्भाव चर्च ऑफ द नाझरीनमध्ये झाला. बासीममध्ये त्याआधी मेथॉडिस्ट मिशन होतं. १९३० च्या दशकात त्यांचं क्षेत्र नाझरीन मंडळीकडे आलं. १९३६ मध्ये डॉ. ऑर्फा स्पायकर भारतात आल्या आणि १९३८ मध्ये वाशिमला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. मंडळीच्या परदेशी कार्याचे प्रणेते हायरम रेनॉल्ड्स यांचं नाव त्याला दिलं गेलं. पंचक्रोशीत मात्र ‘मिशनचा दवाखाना’ एवढी ओळख पुरेशी होती.

या दवाखान्याच्या इतिहासातली एक हकिगत आजच्या तरुणांना सांगण्यासारखी आहे. डॉ. एव्हलिन विटहॉफ आणि परिचारिका जेराल्डिन चॅपेल १९४१ मध्ये भारताकडे यायला निघाल्या होत्या. वाटेत त्या मनिलात असतानाच जपानने युद्ध पुकारलं आणि दोघी सांतो तोमास इथल्या नजरकैदेच्या छावणीत अडकल्या. १९४५ च्या फेब्रुवारीत सुटका झाली, तोवर तिथे तीन वर्षं गेली होती. त्यानंतर कोणी त्यांना घरीच थांबा म्हटलं असतं तर ते वावगं ठरलं नसतं. पण त्या पुन्हा निघाल्या आणि भारतात आल्या, डॉ. विटहॉफ वाशिमच्या या दवाखान्यात रुजू झाल्या.

धैर्याची गोष्ट म्हणून ही हकिगत सांगितली जाते. संमेलन आखणाऱ्याने तिच्यापेक्षा दवाखान्याच्या रोजच्या कारभाराकडे बघावं. परदेशी डॉक्टर येत-जात राहिले तरी दवाखाना चालू राहिला. त्याचं मोठं कारण म्हणजे परिचारिकांचं प्रशिक्षण. जीन डार्लिंग यांच्यासारख्या परिचारिकांनी इथल्या मुलींना शिकवलं. इंजेक्शन देणं, बाळंतपण निभावणं, नोंदवही नीट ठेवणं ही कामं स्थानिक हातांत गेली. विदर्भातल्या अनेक ख्रिस्ती घरांत नर्सिंग ही आजही मुलींची हक्काची वाट आहे, तिची मुळं अशा प्रशिक्षणांत आहेत. जी सेवा शिकवून जाते, तीच मागे उरते.

संमेलन कुणाचं, छावणी कुणाची

तरुणांना धर्माच्या नावाने एकत्र बोलावण्याची आधुनिक पद्धत १८८१ च्या सुमारास रुजली. अमेरिकेतल्या पोर्टलंड गावी पाळक फ्रान्सिस क्लार्क यांनी ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ ही तरुणांची संस्था काढली. साप्ताहिक सभा, प्रत्येकाला जबाबदारी, कामाचा हिशेब असा तिचा शिरस्ता होता. ती जगभर पसरली आणि १९०९ मध्ये तिचं जागतिक अधिवेशन आपल्या आग्र्यात भरलं. नाझरीन मंडळीने १९२३ मध्ये तरुणांची स्वतंत्र संघटना उभी केली. तरुणांना नुसते श्रोते समजू नये, कामकरी समजावं, हा विचार म्हणजे शंभर वर्षांहून जुना आहे.

पण वाशिमच्या तरुणाला यासाठी पोर्टलंडपर्यंत जायची गरज नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात गाडगेबाबांचा जन्म झाला. त्यांनी आधी गाव झाडलं आणि मग कीर्तनाला उभे राहिले. मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना आणि श्रमदान एकाच दिनक्रमात बसवलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला उन्हाळ्यात श्रमसंस्कार छावणी भरवायला सुरुवात केली. सकाळी घाम, दुपारी विचार, हा तिचा क्रम महाराष्ट्रातल्या कित्येक कार्यकर्त्यांच्या अंगात भिनला. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने राष्ट्रीय सेवा योजना आली. तिच्यात विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास नियमित काम करायचं असतं आणि सात दिवसांचं विशेष शिबिर त्याच्या जोडीला असतं.

या शेवटच्या आकड्यापाशी थांबायला हवं. कॉलेजातली योजना वर्षाला १२० तास मागते आणि शिबिर त्या कामाचा एक भाग असतं. आपलं संमेलन तीन तास मागतं आणि त्याआधी-नंतर काही नसतं. शिबिर गाजण्यासाठी वर्षभराचं काम पाठीशी लागतं, एवढी साधी गोष्ट चर्चच्या पत्रिकेतून निसटली आहे.

खुद्द येशूच्या दृष्टान्तातही ती आहे. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट प्रत्येक संडे स्कूलमध्ये सांगितली जाते. जखमा बांधणं आणि जखमीला आपल्या जनावरावर बसवणं यावर नाट्यछटाही होतात. पण त्याच्या पुढचा भाग बहुधा घाईत उरकला जातो. शोमरोनी त्याला उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी मालकाला पैसे देतो, याची काळजी घे म्हणतो आणि परत येताना वरचा खर्च फेडायचं कबूल करतो. म्हणजे त्याने सांभाळणारा माणूस नेमला, पैशाची सोय केली आणि परत येण्याचा वायदा केला. या तीन गोष्टी ज्या संमेलनाच्या आराखड्यात असतील, ते सेवेचं संमेलन.

तारीख आधी शेताला विचारा

२०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती आणि पाचांतली चार माणसं खेड्यात राहत होती. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तिच्यात महाराष्ट्रातले चारच जिल्हे होते : नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशिम. अशा जिल्ह्यात सेवेचं संमेलन भरवायचं, तर तारीख हॉलच्या सोयीने ठरवून चालत नाही.

जून-जुलै पेरणीचे. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर सोयाबीनची सोंगणी आणि मळणी. तेव्हा गावात रिकामा माणूस सापडत नाही. दिवाळीनंतर तांड्यांवरची बरीच घरं कामासाठी बाहेर पडतात, घरी म्हातारी माणसं आणि लहान पोरं उरतात. डिसेंबर-जानेवारीत तूर काढणीला येते. चर्चमध्ये डिसेंबर नाताळचा, म्हणजे गायनमंडळातली पोरं सेवेला मोकळी नसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावी, आणि एप्रिलपासून ऊन असं तापतं की दुपारी कुदळ हातात धरवत नाही.

यातून वाट एकच निघते : संमेलन तीन दिवसांचं ठेवा, पण काम वर्षभर पसरा. समजा संमेलन प्रजासत्ताक दिनाच्या आसपास धरलं. मग आधीच्या ऑगस्टपासून तरुणांनी ठरलेल्या दोन-तीन गावांत महिन्यातून एकदा तरी जायला हवं. पहिल्या भेटीत काही द्यायला जाऊ नये, विचारायला जावं. ग्रामपंचायतीत, अंगणवाडीत, आशाताईंकडे आणि शाळेच्या मुख्याध्यापकांकडे बसून ऐकावं.

ऐकण्याचा धडा महाराष्ट्रात एका ख्रिस्ती डॉक्टर दांपत्यानेच घालून दिला आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले तेव्हा त्यांच्याकडे औषधं होती, पण दुष्काळी गावांना आधी पाणी आणि अन्न हवं होतं. त्यांनी तिथून सुरुवात केली. मग गावातल्याच, बहुतांश निरक्षर आणि दलित, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खेड्यातली बाई आरोग्याचं काम चालवू शकते, हे त्यांनी साऱ्या जगाला दाखवलं.

रक्ताचं गणित

कुठलं काम घ्यावं, याची परीक्षा एकाच प्रश्नाने होते : आपण निघून गेल्यावर हे कोण चालवणार? तीन उदाहरणं घेऊ.

रक्तदान हे तरुण संमेलनाचं लाडकं काम. मोठा मंडप, तीनशे पिशव्यांचा संकल्प, वर्तमानपत्रात बातमी. पण साठवलेल्या रक्ताला मुदत असते. नेहमीच्या द्रावणात ते ३५ दिवस टिकतं आणि प्लेटलेट तर पाचच दिवस. एका दिवशी उसळी आणि मग दोन महिने शुकशुकाट, यात रक्तपेढीची सोय होत नाही. शिवाय पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस थांबावं लागतं. वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. शेवटच्या अटीवर कितीतरी मुली परत पाठवल्या जातात.

तेव्हा संमेलनात दान घेण्याऐवजी यादी करावी. नाव, रक्तगट, गाव, शेवटच्या रक्तदानाची तारीख. मग मंडळीनिहाय महिने वाटून घ्यावेत : मे महिना मालेगावकडे, जून रिसोडकडे. उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं थंडावतात आणि रक्ताची टंचाई जाणवते, म्हणून त्या महिन्यांना जास्त नावं ठेवावीत. ज्या मुलींचं हिमोग्लोबिन कमी निघालं, त्यांना ‘बाजूला बसा’ म्हणून सोडू नये. त्यांची वेगळी यादी करून आरोग्य केंद्राशी जोडून द्यावं. संमेलनातली खरी रुग्णसेवा कदाचित तिथेच असेल.

दुसरं उदाहरण क्षयरोगाचं. सप्टेंबर २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ ही सोय आहे. व्यक्ती, संस्था, मंडळ, कोणीही रुग्णाच्या पोषण आहाराची जबाबदारी घेऊ शकतं आणि ती किमान सहा महिन्यांची असते, कारण साध्या क्षयाचा उपचारच सहा महिने चालतो. तरुण संघासाठी हे काम मापाचं आहे. सहा महिने दरमहा एका घरी शिधा पोचवायचा म्हणजे सहा वेळा जायचं आणि गोळ्या चालू आहेत ना ते विचारायचं. त्यात गाजावाजा नाही. रुग्णाची ओळख गुप्त ठेवायची असल्याने फोटोही नाही. सेवेची हौस आणि सेवा यांतला फरक हे काम आपसूक दाखवून देतं.

तिसरं पाणी. ‘पाणी फाउंडेशन’ने २०१६ पासून वॉटर कप स्पर्धा घेतली, त्यात कारंजा तालुक्यातली गावंही उतरली होती. त्या कामाचं मर्म असं, की आधी गावातल्या निवडक माणसांना प्रशिक्षण आणि मग श्रमदान. समतल चर खणायचा तर आधी समपातळीची रेषा आखून घ्यावी लागते. रेषा चुकली तर पाणी एका टोकाला साचतं, बांध फुटतो आणि माती वाहून जाते. दोनशे उत्साही पोरं कुदळी घेऊन टेकडीवर चढली आणि आखणी करणारा जाणकार कोणी नसला, तर पावसाळ्यात गाव त्यांचं नाव वेगळ्या कारणाने काढेल. म्हणून हे काम घ्यायचं तर गावातल्या जाणत्या माणसाच्या हाताखाली आणि त्याच्या आराखड्याप्रमाणेच घ्यावं.

संशयाचं काय करायचं

ख्रिस्ती तरुणांचा गट गावात शिरला की कुजबुज सुरू होते : धर्म वाढवायला आले का? हा प्रश्न टाळून सेवेची आखणी करणं म्हणजे स्वतःला फसवणं. ज्या गावाने कधी चर्च पाहिलेलं नाही, त्याने शंका घेतली तर त्यात नवल नाही.

उपाय साधे आहेत, फक्त ते आधी करावे लागतात. ग्रामपंचायतीला लेखी पत्र द्यावं. त्यात कोण येणार, किती जण, काय काम, किती वेळ हे असावं. मदतीच्या पिशवीत पत्रक नसावं. मदतीच्या बदल्यात कोणाला सभेचं आमंत्रण नसावं. उपासना करायची ती चर्चमध्ये किंवा संमेलनाच्या मंडपात, सगळ्यांना दिसेल अशी. आणि ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. श्रद्धा लपवायची गरज नाही, पण ती कुणाच्या गरजेला बांधायचीही नाही. ज्याच्या हाताला आपण काही देतो, त्याला नकार देण्याची मोकळीक उरली पाहिजे. नाहीतर ते देणं सेवेत जमा होत नाही.

याहून चांगला उपाय म्हणजे एकट्याने न जाणं. या जिल्ह्यात सेवेला परकं समजणारं गाव सापडणार नाही. पोहरादेवीला रामनवमीला बंजारा समाज लोटतो, तेव्हा वाटेवरची गावं पाणी आणि जेवण घेऊन उभी असतात. कारंज्याचं गुरुमंदिर, शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथ, मंगरूळपीरचा दर्गा, या प्रत्येक ठिकाणी येणाऱ्याला जेवू घालण्याची रीत आहे. गावातल्या गणेश मंडळाला, कॉलेजच्या सेवा योजनेच्या पथकाला, बचत गटाच्या बायकांना बरोबर घेतलं की काम गावाचं होतं आणि कुजबुज विरते.

चर्चच्या आतल्या भिंतीही कमी नाहीत. मिशनांच्या काळात प्रदेश वाटून घेतले गेले : वाशिम-बुलढाण्यात नाझरीन, अकोल्यात अलायन्स, यवतमाळला फ्री मेथॉडिस्ट. कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ चा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तरी विदर्भातल्या कितीतरी मंडळ्या वेगळ्या राहिल्या. उपासनेच्या पद्धतीवरून या मंडळ्यांचं एकमत व्हायला वेळ लागेल. शिध्याची पिशवी भरायला मात्र लागत नाही. संयुक्त तरुण संमेलन सिद्धान्तापासून सुरू केलं तर पहिल्याच बैठकीत अडतं. कामापासून सुरू केलं तर चालू लागतं.

पैसा, मुली आणि वही

खर्चाच्या कागदावर संमेलनाचा खरा स्वभाव दिसतो. बॅनर, टी-शर्ट, स्मृतिचिन्हं, ध्वनियंत्रणा आणि पाहुण्यांचा प्रवास यांवर काय जातं आणि गावातल्या कामावर काय, हे दोन रकाने शेजारी मांडावेत आणि तो कागद दानार्पणाच्या आधी सगळ्या मंडळ्यांना दाखवावा. कामाचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा, म्हणजे मंडपवाल्याचं बिल वाढलं तरी क्षयरुग्णाचा शिधा कापला जात नाही.

मुलींबाबत आखणी हमखास उणी पडते. आयोजन समितीत मुली दोन आणि त्यांच्याकडे स्वागत आणि रांगोळी, हे चित्र बदलायला हवं. गावात घरात शिरून बायकांशी बोलणं मुलींनाच जमतं. अंगणवाडी आणि आशाताईंशी दुवा त्याच जोडतात. त्यासाठी स्वच्छ स्वच्छतागृह असलेली राहण्याची जागा, अंधार पडण्याआधी परतीची गाडी आणि प्रत्येक गटासोबत एक जबाबदार मोठी बाई लागते. या सोयी नसतील तर घरचे पाठवत नाहीत, आणि निम्मं मनुष्यबळ घरीच राहतं.

प्रवास आता पूर्वीइतका अवघड नाही. अकोला-पूर्णा लोहमार्ग २००८ मध्ये रुंद झाला. डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्ग कारंजा आणि मालेगावच्या बाजूने जातो. याचा फायदा नागपूर-पुण्याहून वक्ते आणण्यापेक्षा शिकायला बाहेर पडलेली जिल्ह्यातली पोरं-पोरी परत आणण्यासाठी करावा. पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांत काम करणारी एक परिचारिका चार दिवस गावी आली आणि तिने तरुण संघाला रक्तदाब मोजणं आणि त्याची नोंद ठेवणं शिकवलं, तर तिच्या एका सत्राची किंमत तीन संदेशांहून जास्त. मिशनच्या दवाखान्याने दाखवलेली वाट तीच आहे.

मग शनिवारी दुपारी काय करायचं? त्या तीन तासांत हिशेब मांडावा. ऑगस्टपासून कोणत्या गावात काय झालं, काय जमलं, काय फसलं, हे प्रत्येक गटाने सांगावं आणि त्या गावच्या लोकांना ऐकायला बोलवावं, म्हणजे फुगवून सांगता येणार नाही. मग पुढच्या वर्षाचं काम वाटून घ्यावं. प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव, दरमहाची तारीख आणि पैशाची सोय वहीत लिहून ठेवावी. ज्या कामापुढे नाव लागत नाही, ते काम कितीही चांगलं असलं तरी घेऊ नये. पुढच्या संमेलनाची तारीख नंतर ठरली तरी चालेल. आढावा बैठकीची तारीख मात्र मंडप उतरण्याआधी ठरली पाहिजे.